आक्का, पालखी आली!

मुलांनो, पन्हाळ्यावर भुतं किती आणि ती राहतात कुठं, असा प्रश्न सातवीच्या परीक्षेत आला असता, तर आमच्या वर्गातला एकही जण नापास झाला नसता. आम्ही गडावर राहायला आलो ते 2001 च्या जूनमध्ये. शाळेच्या पहिल्याच आठवड्यात माझ्या बाकावरच्या मुलीनं मला सगळी यादी पाठ करायला लावली. अंधारबावीत एक बाई, तिचे पाय उलटे. अंबरखान्यात एक कारकून. तो रात्रभर धान्याची मापं मोजतो आणि पहाटे हिशेब जुळला नाही म्हणून रडतो. सज्जा कोठीच्या वरच्या मजल्यावर पांढऱ्या कपड्यातलं कुणीतरी. आणि राजदिंडीच्या उतारावर आषाढातल्या एका ठरावीक रात्री मशाली. "मशाली दिसल्या तर मागं वळून बघायचं न्हाई हां," असं तिनं मला दोनदा बजावलं.

पन्हाळा तुम्ही पावसाळ्यात बघितला असेल, तर इतकी भुतं तिथं कशी मावतात हे मी सांगायला नको. धुकं असं दाटतं, की समोरून येणाऱ्या माणसाचा आधी आवाज येतो, मग छत्री येते आणि सगळ्यात शेवटी माणूस. वाऱ्यानं कौलं उडू नयेत म्हणून लोक त्यांवर दगड ठेवतात. त्यात गड जुना. बाराव्या शतकाच्या अखेरीस शिलाहार राजा दुसरा भोज इथं राहत होता. मग बहामनी आले, आदिलशाही आली, मराठे आले. ताराबाईंची गादी इथं होती. 1782 मध्ये राजधानी खाली कोल्हापुरात गेली आणि गडावर राहिले दगड, माकडं आणि गोष्टी. (2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोनं बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून जाहीर केले, त्यांत पन्हाळा आहे. त्या यादीत भुतांचा उल्लेख नाही!)

आम्ही मात्र भुतं बघायला आलो नव्हतो. माझे पप्पा सरकारी कचेरीत कारकून. गडहिंग्लजकडे आमचं सगळं बरं चाललं होतं, पण त्यांनी स्वतः अर्ज करून पन्हाळ्याला बदली मागून घेतली. पन्हाळा तालुक्याचं गाव असल्यानं कचेरी गडावरच होती. लोकांना नवल वाटलं. पण गडहिंग्लजहून कोल्हापूर साठ किलोमीटरच्या पुढं, आणि पन्हाळ्याहून वीस. त्या चाळीस किलोमीटरांसाठी आम्ही घर बदललं. कारण माझा धाकटा भाऊ.

तो तेव्हा आठ वर्षांचा होता, तिसरीत. आदल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही आजोळी होतो. तिथं तो तांब्यावर तांबे पाणी प्यायला लागला. रात्री चारदा उठायचा, आणि उठला नाही तर अंथरूण ओलं व्हायचं. मामेभावंडं चिडवायची. तो खायचा मोठ्या माणसाइतकं, पण चड्डी कमरेला राहीना, नाडी रोज जास्त आवळावी लागे. कुणी म्हणालं, नजर लागली. मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या. मग शेजारच्या गावात एक बघणारा होता, त्याच्याकडे नेलं. त्यानं तांदूळ टाकले आणि सांगितलं, "बाहेरचं हाय. हिरीवरचं." तीन दिवस अंगारा पाण्यातून द्यायचा.

तिसऱ्या दिवशी माझा भाऊ पोटापासून मोठमोठे श्वास घ्यायला लागला, कुत्रं धावून आल्यावर घेतं तसे. त्याच्या तोंडाला पिकून उतरलेल्या फळासारखा वास येत होता. पप्पांनी जीप ठरवली आणि त्याला थेट कोल्हापूरला नेलं. रक्तातली साखर चारशेच्या वर होती. तिथल्या डॉक्टरबाई पप्पांना म्हणाल्या, "आणखी एक दिवस थांबला असता तर..." आणि त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. मी दाराशी उभी होते. ते अर्धं वाक्य मला अजून ऐकू येतं.

लहान मुलांना मधुमेह होतो हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. तुमच्याही घरी विचारून बघा, पुष्कळांना माहीत नसेल. हा आजोबांचा मधुमेह नव्हे. गोड खाल्ल्यानं होत नाही, एकाचा दुसऱ्याला लागत नाही, आईवडिलांच्या चुकीनं होत नाही. जठराच्या मागं स्वादुपिंड नावाचा एक अवयव असतो, तो इन्शुलिन बनवतो. शरीराचे पहारेकरीच कधी कधी गोंधळतात आणि इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींना शत्रू समजून मारून टाकतात. डॉक्टर याला टाइप वन म्हणतात. डॉक्टरबाईंनी मला तो कोल्हापुरी पद्धतीनं समजावला. म्हणाल्या, "साखर कारखाना बघितलायस ना? समज, उसाच्या गाड्यांची रांग गेटवर लागलीय, पण गेट उघडणारा वॉचमनच नाही. बाहेर ऊस वाळतोय आणि आत कारखाना उपाशी. इन्शुलिन म्हणजे तो वॉचमन. तुझ्या भावाचा वॉचमन गेलाय. आता आपण रोज सकाळ-संध्याकाळ बाहेरून एक पाठवायचा."

"किती दिवस?" मी विचारलं.

"रोज," त्या म्हणाल्या.

तर असं रोजचं घर आम्ही पन्हाळ्यावर मांडलं. भाड्याच्या दोन खोल्या, पुढच्या बाजूला घरमालकीण मावशी. फ्रीज नव्हता. इन्शुलिनच्या बाटल्या एका लहान मडक्यात, ते मडकं मोठ्या मडक्यात, मधे ओली वाळू. बाटल्या दोन: एक पाण्यासारखी, एक दुधासारखी. दुधासारखी हलवायची नाही, दोन तळव्यांत धरून लाटण्यासारखी फिरवायची. ते काम माझं. सुई आई टोचायची. सोमवारी डावी मांडी, मंगळवारी उजवी, मग दंड, मग पोट. सुई टोचली, की अर्ध्या तासात जेवायलाच पाहिजे. भूक असो नसो, रुसवा असो, पाहुणे असोत. आमच्या घरात भिंतीवरच्या घड्याळाइतका मान कुणालाच नव्हता.

आणि लघवीची तपासणी! बोटाला टोचून साखर मोजायचं यंत्र तेव्हाही मिळायचं, पण त्याच्या पट्ट्यांचा खर्च आम्हाला झेपणारा नव्हता. म्हणून काचेच्या नळीत बेनेडिक्टचं निळं द्रावण, त्यात आठ थेंब लघवी आणि खाली स्पिरिटचा दिवा. उकळल्यावर निळंच राहिलं तर लघवीत साखर नाही. हिरवं झालं तर थोडी. मग पिवळं, केशरी, आणि विटकरी झालं म्हणजे फारच. माझा भाऊ नळीकडे लॉटरीच्या तिकिटासारखा बघायचा. वहीत तो रंग लिहायचा नाही, रंगपेटीतल्या खडूनं ठिपका काढायचा. त्या वह्या बघितल्या तर कुणी म्हणेल, मूल चित्रकार होणार.

त्या नळीत एक खोट होती, ती लक्षात ठेवा, पुढं लागेल. साखर जास्त आहे हे ती सांगायची. फार कमी झाली, तर काहीच सांगायची नाही. साखर ठीक असो की धोक्याइतकी उतरलेली असो, द्रावण निळंच.

आता थोडं माझ्याविषयी. आजारी भावंड असलेल्या मुलांविषयी कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. आजार एकाला होतो, पण सुट्टी सगळ्या घराची जाते. माझ्या वाढदिवसाला श्रीखंड बंद झालं. गणपतीत मोदक व्हायचे, पण मी माझा स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून खायची, तोंड धुऊन बाहेर यायची. आई रात्री उठून आधी त्याच्या कपाळाला हात लावायची. माझ्या कपाळाला लावायचं तिला सुचत नसे, कारण माझं कपाळ ठीकच असायचं. तुमच्यापैकी कुणाच्या घरी असं असेल तर तुम्हाला राग येतो, मग रागाची लाज वाटते, हे मला ठाऊक आहे. आईबाबांनो, हा परिच्छेद तुमच्यासाठीही आहे.

भाऊही काही संत नव्हता हं! पाढे म्हणायची वेळ आली, की याला चक्कर यायची. लिमलेटची गोळी तोंडात पडेपर्यंत ती उतरायची नाही. खरी चक्कर कुठली आणि पाढ्यांची कुठली, हे ओळखायला मी शिकले. खऱ्या चक्करेत तो बोलत नसे. वरच्या ओठावर घामाचे बारीक मणी यायचे आणि तो उगाच चिडायचा. "ताट सरकव" म्हटलं तरी अंगावर यायचा. चिडला आणि ओठावर घाम दिसला, की साखर. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं, मी त्याच्या तोंडावरून वाचलं होतं.

भुतांची मात्र त्याला भारी हौस. शाळेतून मी आणलेली यादी तो रोज रात्री ऐकायचा आणि शंका काढायचा. "अंबरखान्यातला कारकून पप्पांसारखाच आहे की! त्याला कॅल्क्युलेटर दिला तर जाईल?" गडावर गंगू तेलिणीची गोष्ट सांगतात. राजा भोजानं गड बांधायला घेतला, पण तट पुन्हा पुन्हा ढासळायचा, म्हणून बळी दिला गेला. कुणी म्हणतं गंगूनं आपलं तान्हं बाळ दिलं, कुणी म्हणतं तीच गेली. ही गोष्ट ऐकून तो गप्प झाला. मग म्हणाला, "त्या बाळाला कुणी विचारलं होतं का?"

दंतकथाच ती. पण त्या रात्री मला झोप आली नाही. भिंत पडते, तर पाया बघायचा, चुना बघायचा, की बाळ शोधायचं? तेव्हा मला हे असं मांडता आलं नसतं. आता वर्गात ही गोष्ट निघाली, की मी हाच प्रश्न मुलांना विचारते.

जुलै उजाडला. तुम्हाला इतिहासात आहेच: 1660 च्या मार्चमध्ये सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला वेढा घातला. शिवाजी महाराज आत अडकले. चार महिने झाले, पाऊस सुरू झाला तरी वेढा ढिला पडेना. 12 जुलैच्या रात्री महाराज सुमारे सहाशे मावळ्यांनिशी राजदिंडीच्या वाटेनं निसटले. शत्रूला चकवायला दुसऱ्या पालखीत महाराजांच्या वेशात शिवा काशीद बसले. ते पकडले गेले आणि मारले गेले. घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे उभे राहिले आणि महाराज विशाळगडाला पोहोचेपर्यंत त्यांनी खिंड अडवून धरली. दरवर्षी त्या दिवसांत भर पावसात शेकडो लोक पन्हाळ्याहून पावनखिंडीपर्यंत चालत जातात.

ती मंडळी निघणार म्हणून शाळेनं आम्हा सगळ्यांना बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी नेलं. तिथून राजदिंडी, मग तटावरून परत फिरून तीन दरवाजा आणि शेजारची अंधारबाव. आमच्या गुरुजींनी बावीत उतरून सगळं दाखवलं. काळ्या दगडाची, तीन मजली. तळाशी पाणी, वर पहारेकऱ्यांना राहायला जागा, आणि मधल्या मजल्यावरून तटाबाहेर जायची चोरवाट. वेढ्यात बाहेरचं पाणी शत्रूनं नासवलं तरी आतल्या माणसांना पाणी मिळावं, म्हणून ते असं झाकून ठेवलेलं. उलट्या पायांची बाई काही दिसली नाही. भावानं डबा वेळेवर खाल्ला, दोन लिमलेटच्या गोळ्या वर खाल्ल्या आणि दिवसभर तो हरणासारखा पळत होता. पुतळ्यापाशी त्यानं गुरुजींना विचारलं होतं, "बाजीप्रभूंना भाऊ होता का?"

"होता की. फुलाजीप्रभू. तेही त्याच लढाईत कामी आले. दोघांच्या समाध्या विशाळगडावर आहेत."

"मग हितं पुतळा एकट्याचाच का?"

गुरुजी हसले. मी मात्र हसले नाही.

त्या रात्री पप्पा कचेरीच्या कामानं कोल्हापुरात अडकले होते. पाऊस कोसळत होता, वीज गेलेली. झोपताना नळीचा रंग निळा आला म्हणून भाऊ खूश होता. आम्ही तिघं एका रांगेत झोपलो. किती वाजले होते कोण जाणे, माझा दंड ओला झाला म्हणून मला जाग आली. वाटलं, कौल गळतंय. पण ते पाणी कोमट होतं. भावाचा सदरा घामानं चिंब झाला होता. तो उठून बसला होता. डोळे उघडे, पण माझ्याकडे बघत नव्हते.

"आक्का, पालखी आली," तो म्हणाला. "मशाली बघ."

खिडकीत अंधार होता.

आईनं कंदील लावला. तो आईला ओळखेना. "तू कोण?" म्हणाला आणि हात झटकला. मग जीभ जड झाल्यासारखं काहीतरी बडबडायला लागला आणि त्याचा एक हात आपोआप उडायला लागला. आवाजानं मावशी जाग्या झाल्या, कंदील घेऊन आल्या. त्यांनी एकदा त्याच्याकडे बघितलं आणि तोंडावर हात ठेवला.

"अगं बाई! पोराला दुपारी अंधारबावीवर न्हेलतं म्हणं? आणि ते बी आजच्या दिवशी? मग हुईल न्हाई तर काय! थांबा, मी अंगारा आणते. लिंबू हाय का घरात?"

मुलांनो, खरं सांगते, एक क्षणभर मलाही मशाली दिसल्या. बाहेर वारा, कौलांवर पाऊस, आषाढातली तीच रात्र, आणि समोर माझा भाऊ दुसऱ्याच कुणाच्या डोळ्यांनी बघत होता. भूत असं काही असेल, तर ते याहून वेगळं दिसत नसणार. आई लिंबू शोधायला उठली. तिचे हात थरथरत होते. आजोळी याच माणसांनी, याच प्रेमानं अंगारा लावला होता, आणि त्यात तीन दिवस गेले होते.

मग कंदिलाच्या उजेडात मला त्याच्या वरच्या ओठावरचे मणी दिसले.

मी साखरेचा डबा आणला. तीन चमचे साखर थोड्याशा पाण्यात ढवळली. तो बसलेला होता आणि गिळत होता, म्हणून चमच्यानं पाजता आली. पहिला चमचा त्यानं माझ्या अंगावर थुंकला, दुसरा अर्धा सांडला, तिसरा गिळला. आई त्याला मागून धरून बसली. भिंतीवरच्या घड्याळाकडे मी बघत होते. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, पंधरा मिनिटं वाट बघायची, उतार नाही पडला तर पुन्हा तितकीच साखर. मावशी आल्या आणि त्यांनी त्याच्या कपाळाला अंगारा लावला. मी अडवलं नाही. कपाळ मोकळं होतं, तोंडात माझा चमचा होता. दोन कामं एकमेकांच्या आड येत नव्हती.

नऊ मिनिटं झाली तेव्हा हात उडायचा थांबला. बारा मिनिटं झाली तेव्हा त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि मोठ्या तक्रारीच्या सुरात विचारलं, "माझा सदरा कुणी भिजवला?"

आई हसली आणि लगेच रडली. मग आम्ही त्याला दूध-भाकरी खायला घातली, कारण नुसती साखर लवकर संपते. तो जेवत असताना मावशी म्हणाल्या, "बघा, अंगारा लावला आणि कसं उतरलं!" आई माझ्याकडे बघत होती. मी काही बोलले नाही.

आता काय झालं होतं ते सांगते. दिवसभर तो पळाला. पळताना स्नायूंनी स्वतःजवळची साठवलेली साखर वापरली, आणि रात्री तो झोपला तेव्हा ते रिकामे झालेले कणगे भरून घ्यायला लागले. शिवाय संध्याकाळी टोचलेल्या दुधाळ इन्शुलिनचा जोर नेमका मध्यरात्रीनंतर चढायचा. दोन्ही मिळून रक्तातली साखर पार उतरली. मेंदूला साखर मिळाली नाही, की माणूस भलतंच बोलतो, ओळख विसरतो, झटका येऊ शकतो, बेशुद्ध पडू शकतो. झोपताना नळी निळी होती, पण निळी नळी याबद्दल बोलत नाही, हे मी मघाशी सांगितलंच. दिवसभर मशाली आणि पालख्या ऐकल्या होत्या, म्हणून उपाशी मेंदूनं त्याच दाखवल्या. दिवसभर क्रिकेट खेळला असता, तर त्यानं "आउट! आउट!" म्हटलं असतं.

आणि एक महत्त्वाचं. असं कुणी पूर्ण बेशुद्ध असेल किंवा गिळत नसेल, तर तोंडात पाणी ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जाईल. कुशीवर झोपवायचं आणि मिळेल त्या वाहनानं दवाखाना गाठायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी एकट्याच मागच्या दारानं आल्या. आईला हळूच विचारलं, "किती चमचं घातलं होतं पोरीनं?" आईनं सांगितलं, तीन. चार दिवसांनी मी बघितलं, मावशींच्या उंबऱ्याशेजारच्या कोनाड्यात अंगाऱ्याच्या डबीला लागून एक काचेची बरणी होती, साखरेची. आम्ही गडावर होतो तोवर ती कधी रिकामी झाली नाही. अंगाराही कधी हलला नाही. मावशींना कुणी शहाणं केलं, असं मी म्हणणार नाही. त्यांनी आपला आपण निर्णय घेतला आणि दोन्ही ठेवलं. पण घाईच्या वेळी आधी कुठल्या डबीला हात घालायचा हे त्यांना पक्कं कळलं होतं. पुढं एकदा शाळेतून येताना भाऊ दारातच लटपटला, तेव्हा साखर त्यांनीच भरवली. आम्ही घरात नव्हतो.

सगळीकडे अशा मावशी नसतात. झटका आलेल्या, बडबडणाऱ्या माणसाला भूत लागलं म्हणून बांधून मारल्याच्या, मिरच्यांची धुरी दिल्याच्या बातम्या तुमच्या आईबाबांनी वाचल्या असतील. साताऱ्याचे डॉक्टर नरेंद्र दाभोलकर यांनी 1989 मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली आणि असल्या प्रकारांविरुद्ध कायदा व्हावा म्हणून वर्षानुवर्षं झटले. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारहाण करणं हा त्यात गुन्हा आहे, आणि त्याच्या यादीत तो पहिलाच आहे.

म्हणून भुतांच्या गोष्टी सांगूच नयेत का? मला तसं वाटत नाही. मी स्वतः वर्गात सांगते, आणि दिवे घालवून सांगते. गोष्टीतलं भूत गोष्टीत राहतं. अंथरुणावरच्या आजारी मुलाच्या उशाशी त्याला आणून बसवलं, की मग ते जागा अडवतं. डॉक्टरची, औषधाची, साखरेची.

त्या रात्रीनंतर भाऊच भुतांच्या ऐवजी दुसरी गोष्ट मागायला लागला. ती डॉक्टरबाईंनी मला सांगितली होती. कॅनडात टोरोंटो नावाचं शहर आहे. तिथं लेनर्ड थॉम्पसन नावाचा चौदा वर्षांचा मुलगा मरायला टेकला होता. वजन तीस किलोच्याही आत. तोपर्यंत या आजारावर एकच उपाय होता, उपाशी ठेवणं. त्यानं मूल थोडे दिवस जास्त जगायचं, इतकंच. 1921 मध्ये त्याच शहरात फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी कुत्र्यांच्या स्वादुपिंडातून एक अर्क काढला. 11 जानेवारी 1922 ला लेनर्डला पहिलं इंजेक्शन दिलं. गुण आला नाही, उलट टोचलेली जागा सुजली. मग जेम्स कॉलिप या रसायनतज्ज्ञानं तो अर्क शुद्ध केला आणि बारा दिवसांनी, 23 जानेवारीला, पुन्हा टोचला. साखर उतरली. लेनर्ड उठून बसला आणि आणखी तेरा वर्षं जगला. शोध लावणाऱ्यांनी त्याचे हक्क विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात एलिझाबेथ ह्यूज नावाच्या मुलीला हेच औषध मिळालं. ती 1981 पर्यंत जगली.

भावाला यातली आवडती जागा होती ती मधल्या बारा दिवसांची. "त्या बारा दिवसांत तो काय करत असेल गं आक्का?" दर वेळी मी वेगळं उत्तर द्यायची. कधी तो पत्ते खेळायचा, कधी पाढे म्हणायचा, कधी त्याच्या बहिणीशी भांडायचा. लेनर्डला बहीण होती की नव्हती, याची आम्ही चौकशी केली नाही.

भाऊ आता बत्तिशीचा आहे. शिरोलीच्या एका कारखान्यात नोकरी करतो, मोटारसायकल चालवतो, बायकोशी माझ्यापेक्षा जास्त भांडतो. बेनेडिक्टची नळी कधीच गेली. यंत्र आलं, पेन आलं. आणि दंडाला चिकटवायची बटणासारखी चकती मिळते, ती झोपेत साखर उतरली तर मोबाइलवर बोंब ठोकते. सगळ्यांना ते परवडत नाही, हेही खरं. त्याच्या खिशात आजही लिमलेटच्या गोळ्या असतात.

मी डीएड करून शिक्षिका झाले. यंदा माझ्या वर्गात असाच एक मुलगा आहे. तासाला खाल्लं तरी चालेल, पाणी प्यायला आणि बाहेर जायला विचारायची गरज नाही, असं मी पहिल्याच दिवशी सगळ्यांदेखत सांगून टाकलं. वर्गाला कारण सांगितलं, साखर कारखान्याच्या गेटसकट. आमच्या मंत्रिमंडळात आरोग्यमंत्री, स्वच्छतामंत्री असतातच, त्यांत यंदा मुलांनी एक साखरमंत्री निवडला. खरं म्हणजे निवडली. तिच्याकडे माझ्या टेबलाच्या खणातल्या डब्याचा ताबा आहे. आत साखर आणि लिमलेटच्या गोळ्या. त्याचा वरचा ओठ ओला दिसला की ती हात वर न करता उठते. आतापर्यंत दोनदा उठली आणि दोन्ही वेळा तिचं बरोबर होतं.

गेल्या सोमवारी डब्यात चार गोळ्या कमी भरल्या. ज्याच्यासाठी डबा आहे तो त्या दिवशी गैरहजर होता. मी वर्गाकडे बघितलं. सगळा वर्ग खिडकीबाहेर बघत होता, आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, भूत असंल." साखरमंत्र्यांनी तपास हाती घेतला आहे. त्या रोज मधल्या सुट्टीत एकेकाला जीभ बाहेर काढायला लावतात.